मृगाआधी सड्याच्या वाटेवर साखळी लागली पाहिजे

आंबोली पंचक्रोशीतले ग्रामस्थ, मुंबई-पुण्याचे चाकरमानी आणि घाटातून ये-जा करणारे सर्व, सप्रेम नमस्कार.

आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, काडेपेटीत मावेल एवढा एक बेडूक राहतो. कुशीवर पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याचं नाव ठेवलं झँथोफ्रायनी टायग्रिना. आंबोली आणि आसपासचा मुलूख सोडला तर तो जगात कुठे सापडत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. त्यापुढची पायरी निसर्गातून नामशेष होण्याची.

तळं, विहीर, ओहोळ त्याला लागत नाही. पहिल्या सरी पडल्या की जांभ्या कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं, तेवढ्यातच मादी अंडी घालते. विणीचा सगळा हंगाम पावसाच्या सुरुवातीच्या थोड्या दिवसांत उरकतो. मध्ये पावसाने दडी मारली तर खळगा आटतो आणि अंडी सुकतात. त्याला आपण काय करणार! पण नेमक्या त्याच दिवसांत धबधब्याची गर्दी सुरू होते आणि फोटोसाठी गाड्या थेट सड्यावर चढतात. चाक एकदा खळग्यातून गेलं की अंडी संपली. रात्री ओल्या रस्त्यावर आलेले बेडूक तर चालकाला दिसतसुद्धा नाहीत. शिवाय काही हौशी छायाचित्रकार बेडकासाठी दगड उलटे करतात आणि तसेच टाकून जातात. ही मंडळी स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतात, हे विशेष.

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने यंदा सड्यावर चढणाऱ्या वाटांना लोखंडी खांब आणि साखळी लावायचं ठरवलं आहे. गुरांना आणि माणसांना वाट मोकळी राहील, अडतील त्या फक्त गाड्या. रस्त्याकडेला सूचनाफलकही हवेत. गतिरोधकाला परवानगी लागते, तोवर फलकांवरच भागवावं लागेल.

यासाठी पैसे हवेतच, पण सिमेंट, खांब, वेल्डिंगची मजुरी, रेनकोट, विजेऱ्या यांतलं काहीही चालेल. देणगी ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी आणि पावती मागून घ्यावी. पहिल्या पावसाच्या रात्री रस्त्यावर गस्तीला माणसं लागतील. तरुणांनी नावं आधी द्यावीत, आयत्या वेळी सगळेच भजी खायला बसतात.

हॉटेल आणि होमस्टेवाल्यांना वेगळी विनंती: पाहुण्यांना सड्यावर गाडी न्यायला सांगू नका, अंधार पडल्यावर घाटात हळू चालवायला मात्र जरूर सांगा. खांब मृग लागण्याआधी रोवायचे आहेत, म्हणून मदत मे महिन्यातच पोहोचवावी.