तो हॅन्सन हा नव्हे

महोदय,

कुष्ठरोग निवारण दिनानिमित्त कुष्ठाचा जंतू शोधणाऱ्या हॅन्सन यांच्यावर आपल्या पुरवणीत काल आलेला लेख वाचून फार वाईट वाटले. लेखानुसार हॅन्सन जन्मले डेन्मार्कमध्ये, नोकरीला होते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, आणि बिअरच्या यीस्टवर काम करताना त्यांना कुष्ठाचा जंतू सापडला. छायाचित्रही त्याच गृहस्थांचे. ते एमिल ख्रिश्चन हॅन्सन. कुष्ठजंतू शोधला नॉर्वेतल्या बर्गनच्या गेरहार्ड आर्मौअर हॅन्सन यांनी, १८७३ साली. आपल्या कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळाले, "काका, दोघेही हॅन्सनच ना? दोघेही जंतूंवालेच."

नॉर्वे-डेन्मार्कमध्ये हॅन्सन हे आडनाव गल्लोगल्ली सापडते. चंद्राच्या गतीची कोष्टके करणारे पीटर आंद्रेआस हॅन्सन होतेच की! म्हणूनच तर 'आर्मौअर' हे नाव सोडून चालत नाही. महर्षी कर्व्यांच्या लेखात र. धों. कर्व्यांचा फोटो छापला असता, तर आपण 'दोघेही कर्वेच' म्हणाला असता का?

आणि 'दोघेही जंतूंवाले' हेही खरे नाही. एमिल हॅन्सन यांनी १८८३ साली यीस्टच्या एका पेशीपासून शुद्ध वाण वाढवले. माणूस मोठाच होता. पण आर्मौअर हॅन्सन यांना नेमके तेच आयुष्यभर साधले नाही. कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमावर आजही वाढत नाही. जंतू दिसतो, पण रोग त्यानेच होतो हे सिद्ध करता येत नाही, या तगमगीत त्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिला न विचारता कुष्ठाच्या गाठीतले द्रव्य टोचले. १८८० साली त्यांच्यावर खटला झाला आणि रुग्णालयातली जागा गेली. त्याच सुमारास जर्मनीच्या अल्बर्ट नायसरने त्यांच्याकडूनच नमुने नेले, ते रंगवून जंतू स्पष्ट दाखवले आणि शोधाचे श्रेय मागितले. ज्या माणसाचे श्रेय हयातीतच हिरावले जात होते, त्याचा चेहराही आता आपण दुसऱ्याला देऊन टाकला. त्यांची थोरवी आणि त्यांचा गुन्हा, दोन्ही त्यांच्याच नावावर छापायला हवे.

माझी सगळी नोकरी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत गेली. आमच्या तक्त्यावर आर्मौअर हॅन्सन यांचे चित्र होते, पांढऱ्या दाढीचे. एका घरी सुनेला गोठ्यात ठेवले होते. पाठीवर एकच बधिर चट्टा, बोटे धडधाकट. सासू म्हणाली, "मागच्या जन्मीचं पाप हाय ते, तुमच्या गोळीनं काय जाते?" मी ते चित्र पुढे धरले आणि म्हणालो, "आजी, या डॉक्टरनं या रोगाचा जंतू डोळ्यानं पाहिला. पाप असतं तर दिसलं असतं का?" तिने चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिले. सून एमडीटीची, म्हणजे कुष्ठावरच्या एकत्रित औषधांची, पाकिटे वेळेवर संपवून बरी झाली आणि चुलीपाशी परत आली. त्या घराला पटवायला मला त्या चेहऱ्याचा उपयोग झाला, म्हणून तो चेहरा चुकलेला मला सहन होत नाही. आमच्या जिल्ह्यात दत्तपूरचे कुष्ठधाम आहे, पलीकडे वरोऱ्याला आनंदवन आहे. तिथल्या लोकांनी ही पुरवणी वाचली असेल, याचा तरी विचार व्हायला हवा होता.

आणखी एक. लेखाच्या वर बोटे झडलेल्या हाताचे तेच जुने छायाचित्र आपण दरवर्षी छापता. रोगाची सुरुवात असल्या हाताने होत नाही. फिकट किंवा लालसर, बधिर चट्ट्याने होते, आणि त्या वेळी औषध घेतले तर हात जसाच्या तसा राहतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. असे छायाचित्र पाहून चट्टा असलेला माणूस 'माझे तर असे नाही' म्हणत घरी बसतो, किंवा घाबरून तो लपवतो. दोन्हींत त्याचे महिने वाया जातात. पुढच्या वर्षी चट्ट्याचे छायाचित्र छापा.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच जागेत, आर्मौअर हॅन्सन यांच्या छायाचित्रासह यावी. आतल्या पानावर निविदांच्या खाली दोन ओळी नकोत.

— एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, वर्धा