शिशाच्या अहवालाची तज्ज्ञ-तपासणी : सभासद व हितचिंतकांना आवाहन

स. न. वि. वि.

मंडळाचा शिशावरचा अहवाल लिहून तयार आहे. घरातली हळद, मुलांची खेळणी, भिंतींचा जुना ऑइलपेंट, बॅटरीच्या दुकानांलगतची धूळ, आणि नैतिकता समितीच्या परवानगीने व आईवडिलांच्या लेखी संमतीने घेतलेले मुलांचे रक्तनमुने, असे सगळे त्यात आहे. आकडे काय आले, हे रोज कुणीतरी विचारते. आम्ही सांगणार नाही. ज्यांनी हे काम केलेले नाही आणि ज्यांचा यात पैसा अडकलेला नाही, अशा तज्ज्ञांनी अहवाल तपासल्याशिवाय एकही आकडा बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा कार्यकारिणीचा ठराव आहे. मदत हवी आहे ती या तपासणीसाठी.

सांगली ही हळदीची पेठ. चुकीचा आकडा फुटला तर राजापुरी हळद पिकवणाऱ्याचा भाव पडेल. खरा आकडा कच्च्या कामामुळे कुणी खोडून काढला, तर मुलांच्या मेंदूचे नुकसान चालूच राहील आणि ते पुढे भरून येत नाही. रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट (शिसे असलेला पिवळा रंग) लावत असत. २०१९ मध्ये त्यावरचे संशोधन प्रसिद्ध झाले, सरकारने कारवाई केली आणि २०२१ पर्यंत बाजारातल्या नमुन्यांत ते सापडेनासे झाले. अभ्यास पक्का असला की असे घडते.

या विषयात तपासणीचे मोल फार. पेट्रोलमध्ये घालायचे शिशाचे रसायन बनवणाऱ्या कंपनीचेच वैद्यकीय सल्लागार असलेल्या रॉबर्ट केहो यांचा शब्द अमेरिकेत कितीतरी वर्षे अखेरचा मानला गेला. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले. उलट अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे दुधाचे दात जमवून १९७९ मध्ये दाखवले, की ज्यांच्या दातांत शिसे जास्त, ती मुले बुद्धिमापनात आणि वर्गातल्या लक्षात मागे पडतात. तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या तज्ज्ञ समितीने १९८३ मध्ये त्यांच्या आकडेमोडीवर आक्षेप घेतले. नीडलमन यांनी ती पुन्हा केली, निष्कर्ष टिकला आणि संस्थेने तो स्वीकारला. पुढे गैरवर्तनाचा आरोप झाला, तेव्हा उघड सुनावणी व्हावी असा आग्रह त्यांनीच धरला. तो आरोप टिकला नाही. आपल्या अहवालालाही अशीच कसून तपासणी हवी.

आजवर मंडळाला ज्यांनी उभे केले त्यांचे ऋण इथे सांगितलेच पाहिजे. २०१९ च्या महापुरानंतर आपण विहिरींचे पाणी तपासले, तेव्हा पेठेतल्या अडत्यांनी स्वतःच्या गोदामांतला चिखल उपसायचा सोडून आधी आपल्याला टेम्पो आणि डिझेल दिले. शाडूच्या गणपतींची आणि बिनशिशाच्या रंगांची कार्यशाळा सुरू झाली ती एका मूर्तिकार कुटुंबाच्या अंगणात. त्या घरातल्या वहिनी आजही मुलांना खाऊ दिल्याशिवाय सोडत नाहीत. सूक्ष्मदर्शक दिला तो रसायनशास्त्राच्या निवृत्त सरांनी, पेन्शनमधून. त्यांचे नाव छापलेले त्यांना खपणार नाही, पण तुम्हा सर्वांना ते माहीत आहे.

यापैकी हळद, रंग आणि बॅटरी या व्यवसायांतल्या कुणाचीही देणगी या कामासाठी घ्यायची नाही, असे ठरले आहे. आमचे सर्वांत जुने, सर्वांत उदार दाते यांतच आहेत. त्यांच्यासमोर हे बोलताना संकोच वाटत होता. पेठेतले ज्येष्ठ काका मात्र म्हणाले, "बरोबर आहे. आमचा पैसा लागला तर आमच्या हळदीचा चांगला निकालही कुणी खरा मानणार नाही."

म्हणून आता बाकीच्यांनी पुढे यायचे आहे. गेल्या दिवाळीत याच कामासाठी पत्रे पाठवली होती. बहुतेकांनी उत्तरही दिले नाही, याचे वाईट वाटले. मंडळाच्या कामाचे कौतुक ऐकून बरे वाटते. पण प्रयोगशाळेचे बिल त्याने भागत नाही.

निधी : १,२५,००० रु. (राखून ठेवलेल्या जोडनमुन्यांची, म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या दुसऱ्या भागाची, दुसऱ्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत फेरचाचणी, तज्ज्ञांचा प्रवास व निवास, मानधन नाही). माणसे : विषशास्त्र, बालरोग, संख्याशास्त्र जाणणारे, मंडळाशी व वरील व्यवसायांशी संबंध नसलेले, ओळखीचे कुणी असल्यास कळवा. घरे कशी निवडली, बोटाच्या कातडीवरचे शिसे रक्ताच्या नमुन्यात मिसळले का, हे त्यांनी आधी पाहावे. त्यांचे आक्षेप अहवालासोबत जसेच्या तसे छापू. धनादेश मंडळाच्या नावे, मागे "शिसे-तपासणी" लिहून. रोख रक्कम कार्यालयात सायं. ६ ते ८, रविवारी बंद; पावती लगेच. महिनाअखेरपर्यंत, कारण जोडनमुने फार काळ ठेवता येत नाहीत.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)