पावसाच्या स्क्रिप्टसाठी उदगीरच्या दादांचे आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की "बरं बरं, ठेव आता" म्हणता, म्हणून हे उघड पत्र.

मराठवाड्याच्या 76 तालुक्यांचा पाऊस रोज सकाळी गोळा करणारी आमची पायथन स्क्रिप्ट तुम्हाला माहीतच आहे. एक तालुका आला की दुसरा, आणि प्रत्येकाच्या उत्तराची वाट. तोवर इकडे लातूरच्या ऑफिसात शेतकऱ्यांचे फोन सुरू. थ्रेड (एकाच प्रोग्रामात एकत्र चालणारे कामाचे धागे) लावू का, असं विचारलं, तर तुम्ही उलट मलाच विचारलं, "वेळ कशात जायलाय ते बघ आधी. वाट बघण्यात का हिशेबात?"

मग जीआयएल, म्हणजे पायथनच्या आतलं ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, समजावलं, तेही आडतीवरचं उदाहरण देऊन. हमाल कितीही असले तरी काटा एकच. तसा पायथनचा कोड एका वेळी एकच थ्रेड चालवतो. मात्र नेटवर्कच्या उत्तराची वाट बघणारा थ्रेड जीआयएल सोडून देतो, तेवढ्यात दुसऱ्याचं काम होतं. म्हणून आकडे आणायला थ्रेड, आणि जुन्या वर्षांच्या सरासऱ्या काढायला वेगळ्या प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारे प्रोग्राम, प्रत्येकाचा काटा वेगळा. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या 3.13 आवृत्तीपासून जीआयएलशिवायचं पायथन वेगळं मिळतं खरं, पण आपण नेहमी इन्स्टॉल करतो त्यात तो अजून आहेच.

थ्रेडना कामं वाटून देणाऱ्या पायथनच्या थ्रेडपूलएक्झिक्युटरला मी वीस वर्कर, म्हणजे वीस थ्रेड, देणार होतो. "समोरचा सर्व्हर आपल्या घरचा हाय का?" म्हणत तुम्ही सहावर आणलं. प्रत्येक विनंतीला टाइमआउट (वाट बघायची मुदत) द्यायला लावलात, नाहीतर एखादा तालुका अडकला की तो थ्रेड तिथेच बसून राहतो.

सगळ्यात मोलाचं सांगितलंत ते बेरजेचं. बेरजेचा आकडा 1 ने वाढवणं ही एका ओळीची गोष्ट दिसते, पण आत वाचणं, मिळवणं, परत लिहिणं अशा पायऱ्या असतात. मधेच दुसरा थ्रेड घुसला तर एक नोंद गिळली जाते आणि स्क्रिप्ट चूं करत नाही. असा घोटाळा रोज होत नाही, म्हणून तर सापडत नाही! एका वेळी एकच थ्रेड बेरजेला हात लावेल असा लॉक लावता येतो, पण तुमचा सल्ला त्याहून सरळ: थ्रेडने फक्त आपला आकडा परत द्यावा, बेरीज मुख्य थ्रेडने करावी. आमची स्क्रिप्ट आज तशीच चालते, आणि पहिला फोन यायच्या आत तक्ता तयार असतो.

आता तालुक्याच्या खाली महसूल मंडळांपर्यंत जायचंय. तिथे थ्रेडच पुरतील का एसिंकआयओकडे (एकाच थ्रेडमध्ये अनेक उत्तरांची वाट बघायची पायथनची पद्धत) वळावं, हे विचारायला दिवाळीनंतर उदगीरला येतो.

आपला,
लातूरचा स्क्रिप्टवाला