त्रेचाळिसाव्या वर्षी मिळालेली लॅब

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. दुसरी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, संपत आली, चाळिशी दिसू लागली आणि स्वतःच्या लॅबचा पत्ता नाही, म्हणून तू हाय खाल्लीस. समजूत घालणं मला जमत नाही, त्यापेक्षा जपानी जीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमीबद्दल लिहितो.

हा माणूस १९४५ सालचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात पोस्टडॉक करताना आधी उंदरांवर काम केलं, मग यीस्टकडे, म्हणजे पाव फुगवणाऱ्या एकपेशीय बुरशीकडे, वळला. १९७७ मध्ये टोकियोत परतला तोही दुसऱ्याच्या लॅबमध्ये, कनिष्ठ म्हणून. तिथे यीस्टच्या रिक्तिकेतून पदार्थांची ये-जा कशी होते ते बघत बसला. रिक्तिका म्हणजे पेशीच्या आतली पिशवी; ती नुसती कचराकुंडी, असाच तेव्हा समज. तिकडे फारसं कोणी फिरकत नसे. स्वतःची लॅब मिळाली ती १९८८ मध्ये.

पुढचं काम मला फार आवडतं. उपाशी पेशी स्वतःचाच ऐवज मोडून खाते, त्याला बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियान द दूव्हने १९६३ मध्येच ऑटोफॅजी म्हटलं होतं. पण यीस्टमध्ये ती दिसायची कशी? रिक्तिकेत गेलेलं लगेच पचून जातं. ओसुमीने पचवणारी एन्झाइमच नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याचा नायट्रोजन तोडला, म्हणजे त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत रिक्तिका न पचलेल्या ऐवजाच्या बारीक गोळ्यांनी भरली. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली त्या थरथरताना दिसत होत्या! मग जनुकांत बदल झालेल्या ज्या पेशींत हे घडत नाही त्या हुडकल्या. मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीबरोबरचा १९९३ चा पेपर त्याचाच. त्यातून ऑटोफॅजीला लागणारी पंधरा जनुकं हाती लागली. या कामासाठी २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला एकट्याला मिळालं.

'धीर धर, फळ मिळेल' म्हणून ही गोष्ट सांगतात त्यांचा मला राग येतो. धीर धरूनही हात रिकामे राहिलेले आपण कमी का पाहिलेत? मला दिसतं ते वेगळंच: दुसऱ्याच्या लॅबमधल्या त्या वर्षांत तो रिक्तिकेचा जाणकार झाला, आणि लॅब मिळाल्यावर प्रश्न तिथूनच उचलला. तू मात्र नव्या अर्जात जुनं काम चार ओळींत गुंडाळून सध्या गाजणाऱ्या विषयावर पानंच्या पानं लिहिलीस. लेका, त्या विषयात तुझ्यापेक्षा मोठ्या लॅब आधीच उतरल्यात.

आणि हो, निघताना कोणते स्ट्रेन (जीवांचे वाण) आणि प्लाझ्मिड (डीएनएची छोटी वर्तुळं) बरोबर नेता येतील, कोणता प्रश्न तुझा आणि कोणता बॉसचा, हे आत्ताच बोलून ईमेलवर लिहून घे. नंतर फार कटकट होते.

अर्जाचा नवा मसुदा पाठव. लाल पेन काढून ठेवलंय.

तुझाच,
नेहमीचा टीकाकार