नावांवर पट्टी चिकटवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्रात तुमचे नाव लिहायचे नाही, अशी तुमची ताकीद आहे आणि ती मी पाळते आहे. परंतु जाहीर आभार मानू नका, असे काही तुम्ही म्हटले नव्हते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपत्रके वाचण्यात आयुष्य गेलेल्या बाईला एवढी पळवाट पुरेशी असते. तुमच्या रेंजवर निवडलेली मुलीची नेमबाजीची रायफल घरी आली आहे. मन अजून भरलेले आहे, तोवरच लिहून टाकावे, असे वाटले. पुढे शब्द जास्त नीटनेटके होतील आणि त्यातला जीव जाईल.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात रायफल म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, उभे राहतात. खोके आले त्या संध्याकाळी शेजारच्या काकांनी ओसरीवर येऊन पहिला प्रश्न विचारला तो, "हिच्यानं रोही मरते का जी?" दहा मीटर अंतरावरच्या कागदावर मारायची ही एअर रायफल आहे, तिचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो, तिच्यातून सुटणारी ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल एवढीच असते आणि म्हणून तिला परवानाही लागत नाही, हे सगळे मी त्यांना न अडखळता सांगू शकले, याचे श्रेय तुमचे आहे. काकांची निराशा मात्र लपली नाही, कारण यंदाही तुरीच्या पट्ट्यात रोही शिरलेच होते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांना कांस्यपदक मिळाले, तेव्हापासून आमच्या मुलीने हा ध्यास घेतला. त्यांचा प्रकार पन्नास मीटरचा, बंदूकही वेगळी, पॉइंट टू टू बोअरची. पण खेड्यातल्या मुलांनी पाहिले ते एवढेच की खेड्यातला माणूस तिथपर्यंत जातो. क्लबची सामाईक रायफल वापरून ती बरी नेमबाज झाली. पुढे स्वतःची रायफल घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि तिथे आमच्यासमोर दोन नावे आली : वॉल्थर आणि फाइनवर्कबाऊ. पहिली कंपनी जर्मनीतल्या उल्म शहरातली, दुसरी ओबर्नडोर्फची. दोन्ही गावे एकाच बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातली. त्यांच्यावरून आपल्याकडच्या पालकांमध्ये मात्र असा वाद रंगतो की बैलपोळ्याला पारावर ट्रॅक्टरच्या कंपन्यांवरूनही तेवढा रंगत नसेल.

तुमच्याकडे येण्याआधी ज्यांनी सल्ले दिले, त्यांचेही थोडे ऋण मानले पाहिजे, कारण त्यांच्यामुळेच तुमची किंमत कळली. मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याने आमचे गाव आणि आमचा खर्चाचा अंदाज ऐकून फोनवरच सांगितले की एवढ्यात फक्त खोके येईल. एका नामांकित अकादमीतल्या प्रशिक्षकांनी मुलीला उभे करून पाहण्याची तसदी न घेताच एका कंपनीचे नाव सांगितले आणि त्याच दमात एका दुकानाचेही. आणखी एक जुने जाणकार म्हणाले की मुलींना चाळीसच फैरी असतात, तेव्हा एवढ्या भारी रायफलीचे काय करायचे. २०१८ पासून महिलांनाही पुरुषांइतक्याच साठ फैरी असतात, त्याही पंच्याहत्तर मिनिटांत संपवायच्या असतात, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. या सगळ्या सल्ल्यांत एक साम्य होते. प्रत्येक जण आमच्याशी, म्हणजे आई-बापांशी, बोलत होता. जिच्या खांद्यावर ती रायफल बसायची होती, ती शेजारी उभी राहून ऐकत होती.

तुमच्या पत्र्याच्या शेडमधल्या त्या रेंजवर आम्ही आलो, तेव्हा एप्रिलचे ऊन होते आणि तुम्ही दोन्ही कंपन्यांच्या रायफली बाकावर मांडून ठेवल्या होत्या. एक तुमची स्वतःची, दुसरी तुमच्या विद्यार्थ्याकडून मागून आणलेली. मी वहीत प्रश्न लिहून आणले होते. ते विचारायला मी तोंड उघडणार, एवढ्यात तुम्ही खणातून कागदी चिकटपट्टीचे रीळ काढले, दोन्ही रायफलींवर जिथे जिथे कंपनीचे नाव आणि मॉडेलचा आकडा होता तिथे तिथे पट्टी लावली, नखाने तिच्या कडा दाबल्या आणि आमच्या मुलीकडे पाहून म्हणालात, "आता तू सांग. आई-बाबा बाहेर बसतील."

ताई, मला सांगायचे आहे ते मुख्यतः या पट्टीबद्दल. बाकीची मदतही मोठी होती, तिचे मोल मी कमी करत नाही, पण त्या पट्टीने आमच्या घरातले कितीतरी दिवसांचे ओझे उतरवले. ऑलिम्पिकवाले कोणती वापरतात, अकादमीतल्या मुलींकडे कोणती आहे, पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेली वस्तू चारचौघांत कशी दिसेल, ही सगळी नावांची ओझी होती आणि ती आम्ही नकळत त्या पोरीच्या पाठीवर देत होतो. तुम्ही त्यावर व्याख्यान दिले नाही. आम्हांला दोष दिला नाही. खणातून रीळ काढले आणि काम सुरू केले. मुलीशी बोलण्याआधी तिचे मत लागणार आहे, हे तुम्ही गृहीत धरले होते, आणि पंधरा वर्षांच्या, मोठ्यांपुढे मान खाली घालणाऱ्या मुलीला कुणीतरी तिचे मत आधीच महत्त्वाचे मानून बसले आहे, हे कळल्यावर ती कशी उभी राहते, ते मी शेडच्या जाळीतून पाहिले. बाहेर बसायला सांगितले होते तरी मी जाळीशी गेले होते. ते तुम्हांला दिसलेच असेल.

मग तुम्ही ॲलन की, म्हणजे षटकोनी पाना, घेऊन एकेका रायफलीची खांद्याला टेकणारी बट प्लेट तिच्या खांद्याच्या उंचीला आणलीत, गालाखालचा चीक पीस खाली-वर केलात, मुठीचे माप पाहिलेत. क्लबची रायफल एका उंच मुलाच्या बेताने लावलेली होती आणि आमची मुलगी तिच्यावर मान ताणून नेम धरत होती, हे तुम्ही पहिल्या काही मिनिटांत ओळखलेत. तोवर तिच्या मानदुखीला आम्ही अभ्यास आणि मोबाइल यांनाच जबाबदार धरत होतो. नियमाने रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, पण सडसडीत मुलीने तेवढे वजन साठ फैरी पेलायचे तर ते हातांवर न येता कंबरेच्या हाडावर कसे उतरते, हे महत्त्वाचे, आणि ते किमतीच्या यादीत लिहिलेले नसते. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, हे तुम्ही मला भिंगातून दाखवलेत. या पातळीच्या दोन रायफलींमध्ये जेवढा फरक असेल, त्याहून अधिक फरक छर्ऱ्यांच्या एका डबीत आणि दुसऱ्या डबीत पडतो, हे तुम्ही सांगितलेत आणि रायफल शिकंज्यात धरून, वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे मारून त्यांचे ग्रुप, म्हणजे कागदावर पडलेल्या भोकांचे पुंजके, आमच्यापुढे ठेवलेत. मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोग असा करावा, हे मला त्या दिवशी नव्याने पाहायला मिळाले.

व्यवहाराचे तुम्ही जे सांगितलेत, ते इतर पालकांच्याही उपयोगाचे आहे. छर्रा ढकलणारी दाबाची हवा रायफलीच्या ज्या सिलिंडरमध्ये भरतात, त्याच्यावर तारीख असते आणि दहा वर्षांनंतर तो स्पर्धेत चालत नाही. एकाने आम्हांला "जवळजवळ नवी" म्हणून जी जुनी रायफल देऊ केली होती, तिच्या फोटोतल्या सिलिंडरवरची तारीख तुम्ही मोबाइलवर मोठी करून वाचलीत आणि काहीही न बोलता फोन माझ्या हाती परत दिलात. एका कंपनीचा सिलिंडर दुसरीला बसेलच असे नाही, म्हणून आपल्या जिल्ह्यात कोणाकडे कोणते सुटे भाग आणि भरण्याचे ॲडॉप्टर आहेत, तेही पाहून ठरवावे. आणि दोनशे बार दाबापर्यंत भरलेला सिलिंडर आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नये. ही शेवटची सूचना जर्मनीहून आलेल्या पुस्तिकेपेक्षा आपल्याकडच्या उन्हात वाढलेल्या माणसाच्या तोंडून अधिक पटते.

मुलीने दोहोंपैकी कोणती निवडली, ते मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर उद्या एखादी आई हे वाचून तेच नाव दुकानदाराला सांगेल, आणि तुम्ही लावलेली पट्टी मीच खरवडून काढल्यासारखे होईल. एवढेच सांगते की पट्ट्या निघाल्यावर तिने नाव वाचले, "बरं" म्हणाली आणि पुन्हा गाल टेकवून पाहू लागली. तिच्या बाबांना अपेक्षित होती ती ही नव्हे. त्यांनी ते मनाला लावून घेतले नाही.

तुम्ही शुल्क घेतले नाहीत. दुकानाकडून तुम्हांला काही मिळत नाही, हेही मी चौकशी करून पाहिले, याबद्दल राग मानू नका. मधल्या काळात आम्हांला जी माणसे भेटली, त्यांनी ही सवय लावली. आमच्या भागात माणसे एकमेकांना मदत करत नाहीत असे नाही. कपाशीच्या वेचणीत, लग्नकार्यात, दवाखान्यात रात्र काढताना माणसे धावतात. पण ज्याला एखाद्या विषयातले खरोखर कळते, त्याने ते कळणे समोरच्याला लहान न करता वापरावे, हे मी फार कमी वेळा पाहिले आहे. शाळेत, कचेरीत, बँकेच्या खिडकीशी, सगळीकडे जाणकार माणूस आधी आपली उंची दाखवतो आणि मग काम करतो. तुम्ही राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या आहात, हे आम्हांला भिंतीवरच्या जुन्या प्रमाणपत्रामुळे कळले, आणि तेही तुमच्या जाडजूड नेमबाजी जॅकेटमागे अर्धे झाकलेले होते.

पैसे तुम्ही घेणार नाही, म्हणून आमच्या शाळेतल्या आम्ही काही जणींनी मिळून शेडसाठी एक कूलर घेतला आहे. वाळ्याच्या ताट्या नव्या आहेत. शनिवारी तो टेम्पोने येईल. फैरी झाडायच्या रेषेकडे वारा जाऊ नये म्हणून तो बाहेरच्या बाकाशी ठेवा, म्हणजे जाळीतून डोकावणाऱ्या आयांची तरी सोय होईल. परत पाठवू नका. टेम्पोवाल्याला तसे सांगून ठेवले आहे.

तुमची नम्र,
एका नेमबाज मुलीची आई