आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : गर्भ राहण्याआधीची निवडही थांबवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमची गाय भरवायला डॉक्टर आले होते. नायट्रोजनच्या कॅनमधून वीर्याची कांडी काढत म्हणाले, "ही सॉर्टेड आहे, निवडलेल्या शुक्राणूंची. शंभरातल्या नव्वदांना कालवडच होते." दावणीशी उभ्या असलेल्या चुलतसासूबाईंनी विचारलं, "बायांसाठी निघालंय का हो असलं काही, पोराचं?" धाकटी जाऊ तिथंच शेण भरत होती. तिला दोन मुली. डॉक्टर म्हणाले, "माणसांत अजून आलं नाही."

साहेब, तो 'अजून' माझ्या मनातून जात नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. हे तंत्र केव्हाच आलंय. एक्स गुणसूत्राच्या शुक्राणूपासून मुलगी होते, वायच्या शुक्राणूपासून मुलगा; आणि एक्सवाल्यात वायपेक्षा सुमारे २.८ टक्के डीएनए जास्त असतो. रंग लावून एकेक शुक्राणू लेसरपुढून नेला, की एक्सवाला जास्त चमकतो आणि बाजूला काढता येतो. अमेरिकेत माणसांवर याच्या चाचण्याही झाल्या. त्याआधीची, शुक्राणू अल्ब्युमिनच्या द्रावणातून पोहू देऊन वाय निवडायची पद्धत १९७० च्या दशकातली. तिच्या खात्रीबद्दल शास्त्रज्ञांतच वाद आहेत, पण मुलासाठी जमीन गहाण ठेवणाऱ्याला ते कोण सांगणार?

आपल्याकडे याला बंदी आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या केंद्रीय कायद्यात २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. २०२१ च्या जननतंत्रज्ञान कायद्यानंही एक्स-वाय शुक्राणू वेगळे करायला मनाई केली. तरी दवाखान्यातला फलक बोलतो तो गर्भलिंगनिदानाबद्दल, आणि सील लागल्याच्या बातम्या येतात त्या सोनोग्राफी मशीनच्या. शुक्राणू निवडले तर सोनोग्राफी नाही, गर्भपात नाही. मग संशय तरी कुणाला येणार?

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला. तरी २०११ च्या जनगणनेत आमच्या बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. त्या वर्षांतले वर्ग मी शिकवलेत. मुलींचा बाक लवकर संपायचा.

तपासणी पथकाला आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केंद्रांच्या वीर्य प्रयोगशाळेत पाठवा, सोबत ते काम कळणारा माणूस द्या. मुलाची हमी देणाऱ्या मोबाइलवरच्या जाहिरातींवर गुन्हे नोंदवा. आणि त्या फलकावर एक ओळ वाढवा : गर्भ राहण्याआधी मुलगा-मुलगी निवडणं हाही गुन्हा आहे. पुढच्या वेळी कुणी गोठ्यात तोच प्रश्न विचारला, तर डॉक्टरांच्या तोंडी 'अजून' येऊ नये.

आपली,
बीड जिल्ह्यातील एक शिक्षिका