कंट्रोलर माझ्याच हातात ठेवलास म्हणून

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीला पाठवता आलं असतं. तरी सगळ्यांसमोर लिहितोय, कारण कठीण गेमपुढे अडलेल्या माणसाला मदत कशी करावी हे मी तुझ्याकडून शिकलो. ते माझ्यापुरतं ठेवणं मला बरं वाटत नाही.

निमित्त झोंग क्वेईचं. 'ब्लॅक मिथ' या चिनी दंतकथांवरच्या व्हिडिओ गेमच्या मालिकेत पहिल्या 'वुकाँग'नंतर पुढचा नायक कोण, यावर आपण फोनवर किती बोललो असू! मग ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीत कोलोनच्या गेम्सकॉम या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात ती छोटीशी झलक आली. वाघावर बसलेला दाढीवाला धिप्पाड पुरुष आणि भोवती भुताखेतांचा लवाजमा. 'ब्लॅक मिथ: झोंग क्वेई'. प्रकाशनाची तारीख नव्हती, प्रत्यक्ष खेळाचं एकही दृश्य नव्हतं. काम अगदी सुरुवातीला आहे, हे गेम बनवणाऱ्या 'गेम सायन्स' कंपनीने तेव्हाच मोकळेपणाने सांगितलं. वुकाँगची पहिली झलक ऑगस्ट २०२० ची आणि गेम हाती आला २० ऑगस्ट २०२४ ला. म्हणजे थांबायचं आहे, आणि बरंच थांबायचं आहे. मी आनंदाने थांबेन.

या नायकाची गोष्टच मला धरून ठेवते. झोंग क्वेई हा तांग काळातला विद्वान. राजाच्या परीक्षेत पहिला आला, पण चेहरा कुरूप म्हणून त्याचा मान हिरावला गेला. त्याने राजवाड्याच्या पायऱ्यांवर डोकं आपटून जीव दिला आणि मेल्यावर भुतांचा राजा होऊन उपद्रवी भुतांना पकडू लागला. सम्राट शुआनझोंग आजारी असताना तो त्याच्या स्वप्नात आला, चोरी करणाऱ्या एका पिशाच्चाला त्याने खाऊन टाकलं आणि सम्राट बरा झाला, अशी दंतकथा आहे. वू दाओझी या चित्रकाराने मग त्याचं चित्र काढलं. नव्या वर्षाला चिनी घरांच्या दारावर त्याची चित्रं लावायची रीत त्यानंतर शेकडो वर्षं चालत आली. ज्याला दरबाराने दारातून परत पाठवलं तो लोकांच्या दाराचा राखणदार झाला. असा नायक घेऊन खेळायला मिळणार या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

झोप न लागण्याचं दुसरं कारण भीती हे होतं, आणि ती तुला सांगायची गरज नाही. माझा उजवा अंगठा तू पाहिला आहेस. हाड जुळलं, पण सांधा पूर्वीसारखा वळत नाही. पटकन दाब म्हटलं की तो किंचित मागे राहतो. लिहिताना, जेवताना त्याचं काही वाटत नाही. पण वुकाँगमध्ये ढाल नाही, साधा बचाव धरून उभं राहण्याची सोय नाही. वार आला की डॉज मारायचा, म्हणजे झटकन बाजूला व्हायचं, आणि तोही नेमक्या क्षणी. तो किंचित उशीर म्हणजे सगळी लढाई. त्यात गेममध्ये सोपं-मध्यम-कठीण अशी निवडही नव्हती. सगळ्यांना एकच डोंगर.

दुसऱ्या प्रकरणात, यलो विंड रिजवर, रक्ताच्या तळ्यात उभा असलेला तो वाघ मला आठवतो तसा कुणीच आठवत नाही. टायगर व्हॅनगार्ड. त्याची झेप, झेपेनंतरचा तो फसवा थांबा, आणि आपण हावरटपणे मारायला गेलो की त्याचं क्षणात दगड होणं. आपली काठी दगडावर आपटते आणि त्याचा पंजा आपल्यावर. माझ्याकडे पाहून जवळच्या सगळ्यांना एकच सुचायचं: "दे इकडे, मी मारून देतो." त्यात प्रेमच होतं, मला माहीत आहे. पण दुसऱ्याने बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, पाडला की तिथून पुढचा रस्ता आपला राहत नाही. नंतरची सगळी गावं, सगळी मंदिरं उसनी वाटत राहतात. एकदा असं झालं की माणूस हळूहळू खेळणंच सोडतो. मी सोडायच्या बेतात होतो.

तू आलीस, शेजारी बसलीस आणि आधी माझा हात पाहायला मागितलास. स्क्रीनकडे नंतर बघितलंस. कुठलं बोट किती वेगाने चालतं हे तू टेबलावर टकटक करायला लावून पाहिलंस. मग ज्यावरून मी गेम चालवतो त्या स्टीम ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन डॉजचं बटण अंगठ्याखालून काढलंस आणि तर्जनीखाली, वरच्या खांद्याच्या बटणावर आणलंस. अंगठ्याकडे ज्याला घाई नाही तेवढंच काम ठेवलंस. इतकी साधी गोष्ट! गेमचा एकही राक्षस त्याने कमजोर झाला नाही. वाघ तेवढाच भयंकर राहिला. फक्त आता त्याच्याशी मी लढत होतो. त्याआधी मी लढत होतो ते माझ्या सांध्याशी.

मग तू म्हणालीस, "आता मारू नकोस. एकही वार करायचा नाही. फक्त बघ आणि मला सांग तो काय करणार आहे." मला ते विचित्र वाटलं होतं. पण त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तो वाघ नीट पाहिला. झेपेआधी खांदा कसा खाली जातो. तलवार मागे नेली की किती वेळ थांबतो. दगड होण्याआधी अंग कसं आवळून घेतो. मी मोठ्याने सांगत होतो, "झेप... पंजा... थांब... आता!" आणि तू नुसती हं, हं म्हणत होतीस. मी मरत होतो, परत मंदिराच्या देवळीशी उठत होतो आणि तू दर वेळी विचारायचीस, "काही गेलं का तुझं?" खरंच काही जात नव्हतं. कित्येक गेममध्ये मेलं की कमाई जिथल्या तिथे सांडते. वुकाँगमध्ये मेल्यावर मिळवलेलं सगळं आपल्याजवळच राहतं. शिवाय अंगी घेतलेली कौशल्यं कुठल्याही देवळीशी बसून फुकट बदलून घेता येतात. गेम कठीण होता, पण क्रूर नव्हता. हा फरक मला तुझ्यामुळे दिसला.

आणि पिवळ्या वाऱ्याचा तो ऋषी, यलो विंड सेज! वादळ उठवून सगळं दिसेनासं करणारा. मी पुन्हा छाती काढून सरळ त्याच्या अंगावर जायला निघालो होतो. तू म्हणालीस की आधी गाव फिरून ये. पिवळ्या झग्यातला तो दारुडा कोण आहे, त्याला काय हवंय, बघ जरा. त्या माणसाचं ऐकत, त्याच्यासाठी वस्तू शोधत मी सहालीच्या वाळवंटात पोचलो. तिथल्या त्या अजस्र किड्याला हरवल्यावर वारा थोपवणारं भांडं हाती आलं, आणि ऋषीचं वादळ थांबवता आलं. सोपेपणाचं बटण या गेमच्या मेनूत नाही, ते त्याच्या वाटांमध्ये पेरलेलं आहे. थांबून चौकशी करणाऱ्यालाच ते सापडतं. तू मला उत्तर सांगितलं नाहीस, कुठे विचारायचं तेवढं सांगितलंस. त्याच प्रकरणात रस्त्यात बसून तंतुवाद्यावर गाणारा तो बिनडोक्याचा भिक्षूही मला तेव्हाच भेटला. पळत सुटलो असतो तर त्याचं गाणं पूर्ण ऐकलंच नसतं.

मधल्या विश्रांतीत चहा घेताना तू ह्युएन त्संगची गोष्ट सांगितलीस, ती माझ्या फार उपयोगी पडली. शाळेत ते नाव एका ओळीत येऊन गेलं होतं. ज्या चिनी भिक्षूच्या प्रवासावर सोळाव्या शतकातली ती प्रचंड कादंबरी बेतली, जिच्यात वुकाँग नावाचं माकड त्याचा शिष्य होतं, तो भिक्षू खराच होता आणि सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातून गेला होता. तेव्हा इथे दुसरा पुलकेशी राज्य करत होता. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं आणि दगडी हत्तींचं वर्णन त्याने लिहून ठेवलं, तो विहार म्हणजे आपली अजिंठ्याची लेणी, असं अभ्यासक मानतात. इथल्या लोकांबद्दल त्याने लिहिलं की उपकार करणाऱ्याला ते विसरत नाहीत, आणि संकटातल्या माणसाने हाक मारली तर स्वतःचं भान हरपून धावतात. वुकाँगचं मूळ आपल्या मारुतीत शोधावं का, यावर चीनमध्ये हू शी यांच्यासारख्या विद्वानांपासून वाद आहे, तो असो. पण ज्याच्या गोष्टीत मी काठी घेऊन फिरत होतो त्याने आपल्या मातीबद्दल हे लिहून ठेवलंय, या विचाराने मला बळ आलं.

आता झोंग क्वेई. माझी काळजी खरी आहे आणि ती लपवणार नाही. मोठ्या यशानंतरचा पुढचा भाग बहुधा आधीचा भाग पूर्ण केलेल्यांना समोर ठेवून घडवला जातो. त्यांच्या हातांना सवय झालेली असते, म्हणून त्यांना नवं आव्हान द्यावं लागतं. 'होलो नाइट' या गाजलेल्या गेमचा पुढचा भाग 'सिल्कसाँग' सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा हेच दिसलं. सुरुवातीपासूनच किती शत्रू एका फटक्यात दुप्पट जीव घेत होते! तो बनवणाऱ्या टीम चेरीने पहिल्या काही दिवसांतच सुरुवातीचे दोन बॉस थोडे सौम्य केले. त्याआधी जून २०२४ मध्ये 'एल्डन रिंग' या दुसऱ्या कठीण गेमच्या 'शॅडो ऑफ द अर्डट्री' या विस्ताराबाबतही ओरड झाली, आणि तिथे नायकाला बळ देणाऱ्या आशीर्वादाचा सुरुवातीचा प्रभाव आठवड्याभरात वाढवण्यात आला. दोन्ही गेम मला अतोनात आवडतात. पण लाखो लोकांची बोटं दुखल्यावर हे सुधारलं, हेही खरं. वुकाँगच्या पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्या गेल्या. एवढ्या हातांमध्ये माझ्यासारखे हात किती असतील!

म्हणून माझं मत सांगतो, आणि ते तुझ्या शेजारी बसून तयार झालेलं आहे. झोंग क्वेई कठीणच असावा. ज्याने भुतांना धाक घातला त्याची लढाई लुटुपुटूची असेल तर मला नको. पण नायकाच्या हाती काठीऐवजी तलवार आली म्हणजे कदाचित वार तलवारीवर झेलण्याचा खेळ येईल, आणि तो खेळ डॉजपेक्षाही क्षणाचा भुकेला असतो. तसं असेल तर बटणं बदलायची सोय गेमच्या आतच, पहिल्या पानावर हवी. झेलण्याचा वेळ थोडा लांबवता यावा. पडद्यावरची धूळ-वादळं कमी करता यावीत. 'लाइज ऑफ पी' या अशाच कठीण गेमच्या निर्मात्यांनी २०२५ मध्ये आपल्या जुन्या गेममध्येही काठिण्याच्या पायऱ्या आणल्या, त्याने मूळच्या लढाया कुणाच्या हिरावल्या गेल्या नाहीत. ज्याला सर्वांत उंच पायरी हवी त्याला ती आहेच. राक्षस कठीण असणं आणि कंट्रोलर कठीण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कुणालाच नको असते.

त्यांनी हे केलं तर फारच आनंद. नाही केलं तरी मला पूर्वीसारखी धडकी भरत नाही. कारण काय करायचं ते आता मला माहीत आहे: आधी हात, मग डोळे, मग गावातली माणसं, आणि सगळ्यांत शेवटी वार. हे तू मला एका ओळीत कधीच सांगितलं नाहीस. तासन्‌तास गप्प बसून माझ्याकडून करून घेतलंस. तुझी दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट होती, तरी उठली नाहीस. वाघ पडला तेव्हा तू ओरडलीस ते माझ्यापेक्षा मोठ्याने, आणि स्वयंपाकघरातून मावशी धावत आली काय झालं म्हणून. त्या लढाईतला शेवटचा वार माझा होता. तो माझा राहू दिलास, त्याबद्दल मनापासून आभार. आजारपणात, अभ्यासात, नोकरीतही लोकांनी मला मदत केली आहे, पण माझं काम माझंच ठेवून केलेली मदत मला फार कमी वेळा मिळाली.

हे वाचणाऱ्या दादा-तायांना एवढंच सांगायचं आहे, की तुमच्या घरात कुणी गेमसमोर अडलं असेल तर त्याच्या शेजारी बसा, त्याच्या बोटांकडे बघा, त्याला काय दिसतंय ते विचारा.

आणि ताई, एक काम अजून शिल्लक आहे. वुकाँगमधला तो लपलेला अर्लांग, तीन डोळ्यांचा, ज्याला हरवल्याशिवाय गोष्टीचा खरा शेवट दिसत नाही, तो अजून मला दाद देत नाही. त्याच्यापर्यंतच्या सगळ्या गुप्त वाटा मी शोधून ठेवल्यात. त्याचे पहिले काही वार मला आता तोंडपाठ आहेत, पुढचे अजून कळत नाहीत. दिवाळीला येशील तेव्हा दोन रात्री मोकळ्या ठेव. झोंग क्वेई येण्याआधी हा एक हिशेब मला पूर्ण करायचा आहे, आणि त्या वेळी तू खोलीत हवीस.

तुझा,
धाकटा भाऊ